दोन रात्री शहरातल्या हॉटेलात

रिसोडहून छत्रपती संभाजीनगरला, अकोल्याला नाहीतर नागपूरला जाणाऱ्या एसटीत नवरा-बायको सोबत बसलेले दिसले की शेजारचा माणूस विचारतोच, "कुठी चालले?" उत्तरं ठरलेली असतात. दवाखाना, मुलाची ॲडमिशन, कोर्टाची तारीख, लग्नाचा बस्ता, नात्यातली तेरवी. शहरात जायचं तर काहीतरी काम लागतं, आणि काम आटोपलं की रात्रीच्या गाडीनं घर गाठायचं असतं. मुक्काम पडलाच तर आत्याकडे, मामाकडे, नाहीतर शिकायला गेलेल्या पोराच्या खोलीवर. "दोघंच चाललो, दोन दिवस नुसतं राहायला," असं सांगणारं जोडपं आपल्या भागात अजून विरळ आहे. कुणी सांगितलंच तर पुढचा प्रश्न तयार असतो: "काहून, काही झालं का?"

काहीही झालेलं नसताना, काहीही काम नसताना, नवरा-बायकोनं वर्षातून एकदा शहरातल्या बऱ्यापैकी हॉटेलात दोन रात्री काढाव्यात, असं मला मनापासून वाटतं. याला चैन म्हणतात, पैशाचा माज म्हणतात. पण थकवा कशानं उतरतो याचा अभ्यास झालेला आहे, हॉटेल कोणत्या घड्याळावर चालतं याचे ठराविक रिवाज आहेत, आणि खोली घेणाऱ्या माणसाचे हक्क कायद्यात आहेत. हे माहीत असलं तर बेताच्या पैशात दोन दिवस सार्थकी लागतात. माहीत नसलं तर पैसे जातात आणि माणूस निघाला त्यापेक्षा जास्त दमून परत येतो.

जोडप्यानं सोबत बाहेर पडण्याची वाट आपल्या परंपरेत मुळीच नाही, असं नाही. लग्न झालं की माहूरला रेणुकेच्या किंवा तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला जोडीनं जायचं असतं. वऱ्हाडातल्या कितीतरी संसारांचा पहिला 'बाहेरचा मुक्काम' शेगावला गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात झालेला असतो. तिथली स्वच्छता, सेवेकऱ्यांचं अदबीचं वागणं आणि परवडणारं भाडं पाहिलेल्या माणसाला राहण्याची जागा कशी असावी हे वेगळं शिकवावं लागत नाही. मात्र तिथं जायचं ते दर्शनाला. पहाटे उठून बारीला लागायचं असतं, आणि सोबत सासूबाई, दोन पोरं, कधी शेजारच्या काकूही असतात.

दुसरी वाट धोंड्याच्या महिन्याची. अधिक मास साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. २०२३ मध्ये तो श्रावणात होता आणि २०२६ मध्ये ज्येष्ठात, १७ मे ते १५ जून. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. नीट पाहिलं तर आपल्या समाजानं जोडप्याला दिलेली ही एकमेव राजमान्य सुट्टी आहे, जिथं दोघांनाही कुणीतरी वाढतं आणि दोघांपैकी कुणालाच उठून भांडी घासावी लागत नाहीत. पण तीही माणसांच्या गराड्यात. जावई ओसरीवर सासऱ्यांशी सोयाबीनच्या भावावर बोलत बसतो आणि लेक स्वयंपाकघरात आईजवळ. दोघांनी एकमेकांशी बोलायचं ते परतीच्या गाडीतच.

दोघांनीच बाहेर पडण्याची गरज बाईला जास्त असते, आणि त्याचं कारण आकड्यांत दिसतं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयानं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, असं त्यात आढळलं. पुरुषांचा आकडा ८८ मिनिटांचा. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषानं उचलली असं काही झालं नाही. त्याचीही नऊ मिनिटं कमीच झाली. यात लेकरांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजतात. आणि आपल्याकडे सोंगणीच्या, निंदणाच्या दिवसांत बाई हे सगळं आटोपून सकाळी वावरात जाते.

साबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. कामाचा शीण नेमका कशानं उतरतो, हे मोजायचं ते साधन होतं. त्यांनी चार गोष्टी धरल्या: मन कामातून सुटणं, अंग आणि मन सैल पडणं, काहीतरी नवीन जमल्याचं समाधान, आणि आपला वेळ आपल्या मर्जीनं घालवता येणं. नोकरदाराच्या बाबतीत पहिली गोष्ट निदान शक्य तरी असते. तो कचेरीतून निघतो आणि काम मागे राहतं. घर सांभाळणाऱ्या बाईचं कामाचं ठिकाण आणि राहण्याचं ठिकाण एकच असतं. दुपारी आडवं पडलं तरी समोर धुणं दिसतं, कुकरची शिट्टी ऐकू येते. शेतकऱ्याचं आणि दुकानदाराचंही फार वेगळं नाही; ज्याचं दुकान खाली आणि घर वर आहे त्याला रविवारी रात्रीसुद्धा गिऱ्हाईक हाक मारतं. अशा माणसांचं मन कामातून सुटायचं तर त्यांनी अंगानंच तिथून उठून दुसरीकडे जायला हवं.

मग लोणार का नको, चिखलदरा का नको? लोणार तर रिसोडच्या उशाशी आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्केच्या आघातानं बेसाल्टात झालेलं ते विवर पाहायला जगभरातून लोक येतात आणि ते प्रत्येकानं पाहावंच. पण ती सहल झाली. सहलीत बघण्याची यादी असते, चढ-उतार असतो, डबा बांधावा लागतो, आणि डबा कोण बांधतं हे सांगायला नको. नेदरलँड्समधल्या येरून नाविन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दीड हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. सुट्टीला जाणारी माणसं जाण्याआधीच, नुसत्या कल्पनेनं, इतरांपेक्षा आनंदात असतात. परत आल्यावर मात्र बहुतेकांमध्ये आणि घरी राहिलेल्यांमध्ये फरक उरत नाही. अपवाद एकाच गटाचा होता, ज्यांनी आपली सुट्टी 'अगदी निवांत' गेली असं सांगितलं त्यांचा. त्यांचा आनंद परतल्यावरही काही काळ टिकला.

त्याच देशात येसिका द ब्लूम यांनी चार-पाच दिवसांच्या छोट्या सुट्ट्यांचा अभ्यास केला, २०१२ मध्ये तो छापून आला. छोट्या सुट्टीनंही प्रकृती आणि मन सुधारतं, आणि तो परिणाम लवकरच ओसरतो, हे दोन्ही त्यात दिसलं. पण फायदा कुणाला जास्त झाला? जे निवांत राहिले, ज्यांचं मन कामातून सुटलं, आणि ज्यांनी आपल्या जोडीदाराशी बोलण्यात जास्त वेळ घालवला, त्यांना. सुट्टीत काम करत राहणाऱ्यांचं नंतर नुकसान झालं. जोडीदाराशी बोलणं ही गोष्ट प्रकृतीच्या हिशेबात येते, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे संसारात दोघांचं बोलणं बहुतेक कामापुरतं राहतं: गॅस संपला, फवारणीचा माणूस येणार आहे, पोराची फी भरायची आहे. असं सगळं बोलून संपल्यावर जे बोलणं सुरू होतं, त्याला रिकामा वेळ लागतो.

दोन रात्री का म्हणतो, त्यालाही कारण आहे. परक्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हा आपला सगळ्यांचा अनुभव. झोपेच्या प्रयोगशाळांना तो १९६० च्या दशकापासून माहीत आहे. तिथं येणाऱ्या माणसाची पहिली रात्र हिशेबातून वगळावी लागते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी २०१६ मध्ये त्याचं कारण दाखवलं. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. झोपलेल्या माणसांना बारीकसा वेगळा आवाज ऐकवला तर हा भाग चटकन प्रतिसाद देतो, माणूस लवकर जागा होतो. अर्धा मेंदू जणू पहाऱ्यावर असतो. पुढच्या मुक्कामात हा फरक उरला नव्हता. म्हणजे एकाच रात्रीसाठी गेलं तर खोलीचं भाडं भरून आपण पहारा देतो आणि सकाळी बॅग भरतो. खरी झोप दुसऱ्या रात्रीची. पैसे मोजकेच असतील तर महागड्या हॉटेलातल्या एका रात्रीपेक्षा मधल्या भाड्याच्या हॉटेलातल्या दोन रात्री घ्याव्यात, हे माझं ठाम मत आहे.

आता कुठं आणि केव्हा. रिसोडला रेल्वे नाही, गाडी पकडायला वाशिम गाठावं लागतं. पण मेहकरजवळ समृद्धी महामार्ग आल्यापासून छत्रपती संभाजीनगर एकदम जवळ वाटायला लागलं आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. मात्र समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा मोटारसायकलवर जाण्याचा बेत करू नये.

संभाजीनगर निवडायचं आणखी एक कारण म्हणजे तिथल्या हॉटेलांची दोन गिऱ्हाइकं. एक अजिंठा-वेरूळ पाहायला येणारे पर्यटक, त्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. दुसरे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांच्या कामाला येणारे लोक. ते सोमवार ते शुक्रवार असतात. हॉटेलची खोली ही नाशवंत वस्तू आहे. आजची रिकामी रात्र उद्या विकता येत नाही, म्हणून मागणी पडली की भाडं उतरतं. पर्यटकांचा हंगाम संपलेला असला तर कामाच्या लोकांवर चालणाऱ्या हॉटेलात रविवारची रात्र बहुधा सगळ्यांत स्वस्त असते. नोकरदाराला सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं, त्याला हे जमत नाही. ज्याच्या कामाला शनिवार-रविवार नसतो अशा शेतकऱ्याला नाहीतर दुकानदाराला जमतं.

शिवाय आपल्याकडे एक गोष्ट पाहिल्याशिवाय खोली ठरवूच नये, ती म्हणजे पंचांगातले लग्नाचे मुहूर्त. मधल्या प्रतीची कितीतरी हॉटेलं खोल्यांइतकीच लग्नाच्या हॉलवर चालतात. दाट तिथीला तिथं जागा मिळणं मुश्कील, भाडं चढं, नाश्त्याला रांग, आणि रात्री उशिरापर्यंत खाली डीजे. निवांतपणा शोधायला जावं आणि कुणाच्या तरी वरातीत सापडावं, असं होतं. चातुर्मासात मुहूर्त नसतात, अधिक मासात नसतात. आषाढ-श्रावणात पेरणी आणि डवरणी उरकलेली असते आणि सोयाबीन सोंगायला अजून अवकाश असतो. शेतातल्या कामाची फट आणि हॉटेलांची मंदी हे दोन्ही तिथं एकत्र येतं. आपल्या भागातल्या जोडप्यासाठी याहून चांगला काळ मला दिसत नाही. फक्त श्रावणातले उपास कुणाचे कोणत्या दिवशी आहेत ते आधी पाहून घ्यावं.

बुकिंग करताना 'सीपी' आणि 'ईपी' अशी अक्षरं दिसतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे त्यात एक जेवण. एपी म्हणजे दोन्ही जेवणं. आरामासाठी जाणाऱ्यांनी सीपी घ्यावं. सकाळी कुणीतरी पोहे, इडली, अंडी, फळं मांडून ठेवलेली असतात आणि चहा कुणी करायचा हा प्रश्नच नसतो. बाईसाठी त्या दोन दिवसांतली ही सगळ्यांत मोठी गोष्ट असू शकते. दुपारचं आणि रात्रीचं जेवण बाहेर करावं, कारण तेवढंच फिरणं होतं. संभाजीनगरात निराला बाजार, गुलमंडी इथं पायी हिंडता येतं. मांसाहार चालत असेल तर नान-खलिया खाल्ल्याशिवाय परतू नये. ॲपवरचं भाडं पाहून झालं की एकदा हॉटेलला थेट फोन लावावा. ॲपवाल्या कंपनीला हॉटेल प्रत्येक बुकिंगमागे कमिशन देतं, त्यामुळे थेट गिऱ्हाइकाला थोडं कमी करायला हॉटेलवाले पुष्कळदा तयार असतात. त्याच फोनवर मागच्या बाजूची, लिफ्टपासून आणि हॉलपासून लांबची खोली मागून घ्यावी. पहाऱ्यावरच्या अर्ध्या मेंदूला तेवढी मदत होते.

हॉटेलच्या घड्याळाचा घोळ सगळ्यात जास्त जोडप्यांच्या वाट्याला येतो. आपल्या तालुक्याच्या गावातल्या लॉजवर बहुधा चोवीस तासांचा हिशेब असतो: आज आठला आलात तर उद्या आठपर्यंत. शहरातल्या हॉटेलात तसं नसतं. तिथं खोली दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मिळते आणि निघायच्या दिवशी दहा-अकराला सोडावी लागते. मधले दोन-तीन तास कुठं जातात, असं वाटतं. तेवढ्यात आधीचा पाहुणा निघून गेलेल्या सगळ्या खोल्या साफ करायच्या असतात. एक खोली नीट साफ करायला अर्धा ते पाऊण तास लागतो, आणि हे काम करणाऱ्याच्या वाट्याला एका पाळीत डझनभर किंवा त्याहून जास्त खोल्या येतात. तेव्हा पहाटे पाचला रिसोड सोडून नऊला संभाजीनगरात पोचण्यात काही हशील नाही. मग लॉबीत बॅगा मांडीवर घेऊन बसावं लागतं आणि पहिला दिवस तिथंच नासतो. घरी जेवून निवांत निघावं, दुपारी पोचावं.

काउंटरवरची पाच मिनिटं मात्र कित्येक जोडप्यांना, विशेषतः बायकांना, जड जातात. आपल्याकडे लॉज म्हटलं की माणसं मान वळवून बघतात, आणि लग्न होऊन पंधरा वर्षं झालेली बाईसुद्धा तिथं पदर सावरत मागे उभी राहते. त्यात अडचण येते आधार कार्डाची. तिच्या आधारवर अजून माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं गाव. काउंटरवरचा पोरगा दोन्ही कार्डं बघतो आणि थबकतो. इथं ठाऊक असायला हवं ते असं: लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. लग्नाचा दाखला दाखवल्याशिवाय खोली देऊ नये, असाही कायदा नाही. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयानं कोइम्बतूरच्या एका प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आपल्या राज्यातही ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून चाळीसच्या आसपास जोडप्यांना चौकीवर नेलं होतं, आणि त्यावर देशभर टीका झाली होती. एखादं हॉटेल स्वतःचे नियम करून खोली नाकारतं, हे घडतं. म्हणूनच फोनवर आधी विचारून घेतलेलं बरं. पण मान खाली घालायचं काही कारण नाही.

ओळखपत्र मात्र दोघांनाही दाखवावंच लागतं. पाहुण्यांची नोंदवही ठेवण्याचा रिवाज जुना आहे. सरायांची नोंदणी आणि त्यांवर मॅजिस्ट्रेटची देखरेख ठेवणारा सराय अधिनियम १८६७ सालचा आहे. आधारची झेरॉक्स देताना झाकलेले आकडे असलेलं, म्हणजे ज्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात असं 'मास्क्ड' आधार द्यावं. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. नाहीतर मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालतो.

बिलाबद्दल थोडंच सांगायचं आहे, पण ते पैशाचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला. त्याआधी १२ टक्के होता. म्हणजे ३,००० रुपयांच्या खोलीवर पूर्वी ३६० रुपये कर लागायचा, आता १५० लागतो. ७,५०० च्या वर १८ टक्के. जेवणाच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला ते कायम ठेवले. लावलेला दिसला तर काढायला सांगावा. वाद घालायचा नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

खोलीत गेल्यावर आधी दाराची आतली कडी लागते का पाहावं, दारामागे लावलेला आगीच्या वेळी बाहेर पडायचा नकाशा वाचावा. आरशाजवळ, धुराची सूचना देणाऱ्या यंत्रात, प्लगमध्ये काही संशयास्पद भोक किंवा भिंग नाही ना, एवढी नजर टाकावी. छुपं चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्षाची कैद आहे. बहुतेक ठिकाणी काही सापडत नाही, पण पाहून घेतलं की मन निर्धास्त होतं, आणि निर्धास्त होण्यासाठीच तर आलो आहोत.

मग तो पलंग. आपल्या घरी पाहुणे आले की रंगीत, फुलाफुलांची, मळ न दिसणारी चादर काढतात. हॉटेलवाला मुद्दाम पांढरी घालतो. पांढरा कपडा कडक गरम पाण्यात, ब्लीच टाकून, शेकड्यानं एकत्र धुता येतो, रंग जायची भीती नाही. आणि साधा डागही लपत नाही, त्यामुळे पाहुण्याला चादर धुतलेली आहे याची खात्री पटते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टिन हॉटेलांनी आपला नवा पलंग पांढऱ्याशुभ्र चादरींसह बाजारात आणला आणि मग ती पद्धत जगभर पसरली. चादरीचा कोपरा जवळून पाहावा. गादीच्या टोकाशी कापड उचलून, तिरकी घडी घालून, उरलेलं खाली इतकं घट्ट खोचलेलं असतं की रात्रभर कुशी बदलल्या तरी सुटत नाही. प्रत्येक खोलीला स्वतःची न्हाणी असणं ही गोष्टसुद्धा फार जुनी नाही. एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ मध्ये बफेलो शहरात खोलीगणिक न्हाणी असलेलं हॉटेल दीड डॉलर भाड्यात देऊ केलं, तेव्हा मध्यमवर्गाला हे सुख पहिल्यांदा परवडलं.

घरी बंब पेटवून, नाहीतर गिझरचं बटण सगळ्यांत शेवटी आपल्या वाट्याला येईल म्हणून थांबून राहणाऱ्या बाईला, दार लावून अर्धा तास गरम पाण्याखाली उभं राहता येणं म्हणजे काय, ते तिलाच विचारावं. बाहेर कुणी "झालं का?" म्हणून हाक मारत नाही.

सकाळी दार वाजतं आणि ट्रॉली घेऊन खोली साफ करणारी माणसं येतात. त्यांत पुष्कळदा आपल्यासारख्याच गावातून शहरात आलेली एखादी बाई असते. चादर तीच खोचते, न्हाणी तीच घासते. आपल्या दोन दिवसांच्या आरामामागे दुसऱ्या कुणाचे श्रम आहेत, हे आपल्या घरच्या बाईच्या लगेच लक्षात येतं, आणि पुरुषाच्याही यावं. कित्येक बायका हॉटेलातही सकाळी उठून अंथरूण घडी घालतात, कप विसळून ठेवतात. तेवढं हाताला सवयीनं होतंच, होऊ द्यावं. पण तिसऱ्या दिवशी निघताना चहापाण्याचे पैसे काउंटरवर देण्याऐवजी त्या बाईच्या हातात द्यावेत. काउंटरवर दिलेले तिच्यापर्यंत पोचतीलच असं नाही. उशिरापर्यंत झोपायचं असेल तर दाराच्या मुठीला 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी अडकवावी, म्हणजे ती बाई आधी दुसऱ्या खोल्या उरकून घेते आणि तिचीही खेप वाचते.

मधल्या दिवशी काय करायचं, असं विचारलं तर माझं उत्तर आहे, फारसं काही नाही. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, तेव्हा रविवार-सोमवारची रात्र धरून गेलं तर यातलं काही बघण्याचा मोहही अर्धा कमी होतो. उन्हं उतरल्यावर बीबी का मकबऱ्यापर्यंत जाऊन बसावं, औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ती कबर. तासाभरात परत यावं. दुपारी झोपावं. नवऱ्याला मोबाइलवर बाजार समितीचा भाव पाहायची सवय असेल तर तो दिवसातून एकदाच पाहावा. द ब्लूम यांच्या अभ्यासात सुट्टीत काम करणाऱ्यांचं काय झालं ते वर आलंच आहे.

खरी अडचण हॉटेलची नाहीच. ती घराची आहे. दूध कोण काढणार, सासऱ्यांची बीपीची गोळी कोण देणार, पोराचा डबा कोण करणार. या प्रश्नांवरच असे बेत मोडतात, आणि बाई स्वतःच म्हणते, "राहू द्या, पुढं पाहू." इथं एकत्र कुटुंबाचा फार उपयोग करून घेता येतो. दोन जावा असतील तर त्यांनी आपसात पाळी ठरवावी: श्रावणात एक जोडी जाईल तेव्हा दुसरी घर सांभाळेल, आणि हरभरा-गहू निघाल्यावर फाल्गुनात दुसरी जाईल. सासूबाईंनी हे स्वतःहून सुचवलं तर निम्मी लढाई तिथंच संपते, कारण मग "कशाला चालले?" याचं उत्तर घरातल्या मोठ्या माणसानं दिलेलं असतं. विभक्त घर असेल तर पोरांना आजोळी ठेवावं, शाळेची सुट्टी पाहून. गोळ्यांचं वेळापत्रक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावावं. घरच्यांनी फोन केव्हा करायचा, कशासाठी करायचा नाही, हेही बोलून ठेवावं. मीठ कुठल्या डब्यात आहे हे विचारायला आलेला फोन बाईला इतक्या लांबून थेट ओट्यापाशी आणून उभं करतो. आणि जी माणसं मागे घर बघतात, त्यांच्यासाठी तिकडून हिमरूची शाल नाहीतर मिठाईचा डबा आणायला विसरू नये, पुढच्या पाळीचं बोलणं सोपं होतं.